फिल्टर चालू केला, आता पुढे?



मुलाच्या हातात ऑनलाइन गेम किंवा चॅटचं ॲप देताना आपण आधी सेटिंग उघडतो. 'आक्षेपार्ह भाषा लपवा' अशा अर्थाचा एक पर्याय दिसतो. तो चालू करतो आणि निर्धास्त होतो. तो चालू करायलाच हवा. तुमच्या घरी तो बंद असेल तर आजच चालू करा. पण हा फिल्टर नेमकं काय करतो आणि काय त्याला कधीच जमणार नाही, हे आपण समजून घेतलं नाही, तर आपल्या वाट्याचं काम आपण त्याच्या भरवशावर सोडून देतो. आज त्याच कामाविषयी तुमच्याशी बोलायचं आहे.

सर्वांत साधा फिल्टर म्हणजे नको असलेल्या शब्दांची यादी. मुलाने लिहिलेली ओळ समोरच्याला दिसण्याआधी यंत्र ती या यादीशी ताडून बघतं. काही जुळलं की त्या जागी फुल्या येतात. रोब्लॉक्स हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मुलांना #### अशी ओळ चांगलीच ओळखीची असेल. त्याहून थोडा हुशार फिल्टर अक्षरांच्या जागी आकडे घातलेले, मध्ये टिंबं टाकलेले, ताणून लिहिलेले शब्द आधी सरळ करून घेतो आणि मग ताडतो. त्याच्या पुढचा फिल्टर यादीपाशी थांबत नाही. 'हे आक्षेपार्ह, हे नाही' अशी खूण माणसांनी केलेली हजारो वाक्यं त्याला शिकवलेली असतात. त्यांच्या आधारे तो नव्या वाक्याला गुण देतो. किती गुणांच्या वर गेलं की अडवायचं, ते कंपनी ठरवते. ही रेषा खाली आणली की निरुपद्रवी वाक्यं अडकतात. वर नेली की घाणेरडी वाक्यं सुटतात. दोन्ही चुका एकाच वेळी संपतील अशी रेषा अजून कोणालाही आखता आलेली नाही.

म्हणजे फिल्टर हा सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा आहे. त्याच्या वहीत काही नावं लिहिलेली आहेत आणि ती नावं सांगणाऱ्याला तो आत सोडत नाही. भल्या माणसाचं नाव त्या नावांशी जुळलं, तर तो भला माणूस बाहेर राहतो. वाईट हेतूचा माणूस दुसरं नाव सांगून, नमस्कार करून आला, तर आत जातो. वॉचमन हवाच. पण घरात कोण आलं, ते घरातल्यांनीच बघायचं असतं.

आधी भली माणसं बाहेर राहतात, ती बाजू बघू. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प या गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइन या कंपनीचं खातं उघडता येईना. गावाच्या नावाच्या मधोमध इंग्रजीतल्या एका शिवीची अक्षरं ओळीने येतात आणि यंत्राला तेवढीच दिसत होती. या प्रकारच्या चुकीला आजही संगणक क्षेत्रात त्या गावाचंच नाव आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची वार्षिक परिषद कोविडमुळे ऑनलाइन भरली. तिथल्या प्रश्नोत्तरांना लावलेल्या फिल्टरने 'बोन', म्हणजे हाड, हाच शब्द अडवला. डायनासोरच्या हाडांवर बोलायला जमलेल्या लोकांना हाड म्हणता येईना! त्याच वर्षी जून महिन्यात क्रोएशियाच्या अँतोनियो रादिच यांची बुद्धिबळाची लोकप्रिय यूट्यूब वाहिनी मुलाखत चालू असतानाच बंद झाली आणि दिवसभरात परत सुरू झाली. कारण यूट्यूबने सांगितलं नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांना मात्र शंका आली, की काळा, पांढरा, हल्ला, धोका या बुद्धिबळातल्या रोजच्या शब्दांवरून यंत्राने वंशद्वेष ओळखला असावा. त्यांनी बुद्धिबळाच्या वाहिन्यांवरच्या लाखो प्रतिक्रिया अशा यंत्रांपुढे ठेवल्या. यंत्रांनी द्वेषाच्या ठरवलेल्यांपैकी हजार प्रतिक्रिया माणसांनी वाचल्या, तेव्हा त्यातल्या ८२ टक्के प्रतिक्रियांत द्वेषाचा मागमूसही नव्हता.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर आपल्या घरात बघा. आपली मुलं चॅटवर मराठी लिहितात ती बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत. हर्षित, शितल, दीक्षित ही नावं इंग्रजीत लिहून पाहा. प्रत्येकात इंग्रजीतली एक चार अक्षरी शिवी सलग सापडेल. 'शिक्षित' आणि 'अपेक्षित'मध्येही ती आहे आणि 'सुरक्षित'मध्येसुद्धा. आता शिव्यांची यादी भारतीय भाषांसाठी केली असं धरू. नुसती अक्षरं बघणाऱ्या यादीला शेतकऱ्यांच्या गटातलं 'गांडूळखत' चालणार नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले गांधी, सुगंध आणि बालगंधर्व हेही तिला खटकतील. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे बघणारे फिल्टर अशा चुका टाळतात. पण सगळेच फिल्टर तसे नसतात, आणि मराठीसाठी मुद्दाम कष्ट घेतलेले तर फारच थोडे.

म्हणून माझी पहिली विनंती. तुमच्या मुलाला एखाद्या गेमने किंवा ॲपने ताकीद दिली, चॅट बंद केलं, खातं दोन दिवसांसाठी थांबवलं, तर तो निकाल अंतिम धरू नका. 'काय शिव्या दिल्यास?' या प्रश्नाने सुरुवात करू नका. 'काय लिहिलं होतंस? कोणाला? त्याच्या आधी काय झालं होतं?' असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मुलाची चूक नसेल तर दाद मागण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. दोघांनी मिळून तो अर्ज लिहा. आपली बाजू शांतपणे, मुद्देसूद कशी मांडायची, हे त्याला तिथे शिकता येईल. आणि चूक असेल तर ती तुमच्यापाशी कबूल करायला त्याला जागा मिळालेली असेल.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. शब्द तोच असला तरी हेतू वेगळा असू शकतो. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांमधल्या ओढ्याच्या दोन काठांवर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बायका जमतात. हातवारे करून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हा बोरीचा बार. बार संपला की बायका आपापल्या घरी जातात आणि त्या शिव्यांवरून कोणी कोणाशी वैर धरत नाही. शिमग्याला बोंब मारणारी पोरं तुम्ही-आम्ही पाहिली आहेत. कोकणात जिवलग मित्राची विचारपूसच कधी कधी शिवीने सुरू होते. यातलं एकेक वाक्य यंत्रापुढे ठेवलं, तर यंत्र सगळ्यांवर बंदी घालेल.

मराठीवर काम करणाऱ्या अभ्यासकांना या अडचणीची चांगली जाण आहे. पुण्याच्या एल३क्यूब या गटाने २०२२ साली पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्वीट्स माणसांकडून वाचून घेतली आणि त्यांचा 'महाहेट' नावाचा संच तयार केला. यंत्राला मराठी शिकवण्यासाठीच तो आहे. त्यांनी त्या ट्वीट्सचे चार गट केले: द्वेषाचे, अपमान करणारे, शिवराळ आणि यांपैकी काहीच नसलेले. शिवराळपणा आणि द्वेष हे दोन गट वेगळे ठेवले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एखाद्या वाक्यात शिवी असून द्वेष नसतो. एखाद्यात द्वेष काठोकाठ भरलेला असतो आणि शिवी एकही नसते. यंत्र शिकवणाऱ्या माणसांच्या मर्यादाही यंत्रात उतरतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतली ट्वीट्स काही यंत्रं इतरांच्या ट्वीट्सच्या दुपटीपर्यंत जास्त वेळा आक्षेपार्ह ठरवत होती. घरात वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला हे कधी ना कधी भोगावं लागू शकतं. त्याच्या बोलीत काही वाईट नाही, हे त्याला घरातच ऐकायला मिळायला हवं.

आता वॉचमनला नमस्कार करून आत जाणाऱ्यांकडे वळू. काळजीचा खरा भाग हा आहे.

ऑनलाइन जगं उभारणारे जुने जाणकार रँडी फार्मर यांनी एक अनुभव लिहून ठेवला आहे. १९९०च्या दशकात डिस्नेसाठी मुलांच्या सुरक्षित गप्पांचा एक नमुना तयार झाला. त्यात टायपिंगच नव्हतं. प्राणी, गाड्या, आसपासच्या वस्तू असे निव्वळ निरागस शब्द यादीतून निवडून वाक्य जुळवायचं, एवढंच. करणाऱ्यांना वाटलं, आता चिंता मिटली. एका चौदा वर्षांच्या मुलाला त्यापुढे बसवलं. काही मिनिटांत त्याने प्राण्यांच्या नावांतूनच एक अश्लील वाक्य तयार करून दाखवलं. पुढे डिस्नेच्या टूनटाउन या गेममध्ये मुलांना तयार वाक्यांतूनच बोलता यायचं. मोकळं चॅट करायचं तर एकमेकांना गुप्त आकडे द्यावे लागत आणि ते गेमच्या बाहेरच, म्हणजे प्रत्यक्ष ओळखीतूनच, दिले जातील अशी कल्पना होती. मुलांनी गेममधल्या आपल्या घरातल्या वस्तू आकड्यांच्या आकारात मांडल्या आणि ते आकडे तिथेच एकमेकांना दाखवले. मुलांना एकमेकांशी बोलायचंच असतं, आणि ती वाट काढतातच.

आजची मुलं तेच करतात. मृत्यू किंवा आत्महत्या हे शब्द लिहिले की मजकूर अडवला जाईल, व्हिडिओ मागे ढकलला जाईल, या समजुतीतून 'अनअलाइव्ह' हा शब्द जगभर पसरला. मुलं तो थट्टेतही वापरतात. पण एखादं मूल खरोखर त्रासात असेल, तर तेही हाच शब्द वापरेल. मूळ शब्द शोधणाऱ्या यादीला तो दिसणार नाही आणि अर्थ माहीत नसेल तर आपल्यालाही कळणार नाही. मुलांच्या बोलण्यात असा अनोळखी शब्द आला, की 'हे काय भलतंच' म्हणून झिडकारू नका. त्याचा अर्थ त्यांनाच विचारा. मुलांना आपल्याला काही शिकवायला आवडतं. उत्तरात काळजीचा सूर लागला, तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर फोन उचलते, हे लक्षात ठेवा.

छळालाही शिवी लागत नाही. 'उद्या तू नाही आलीस तरी चालेल, तशीही तू कोणाला नको आहेस.' या वाक्यातला एकही शब्द कुठल्या यादीत नाही. वर्गातल्या एकीला वगळून बाकीच्यांनी नवा गट करणं, तिच्या प्रत्येक फोटोखाली सगळ्यांनी तेच एक हसण्याचं चिन्ह टाकणं, यात तर शब्दच नाहीत. मुलगी आतून कोसळत असते आणि फिल्टरच्या लेखी सगळं स्वच्छ असतं.

सर्वांत स्वच्छ भाषा असते ती मुलांना जाळ्यात ओढणाऱ्या मोठ्या माणसाची. तो शिवी देत नाही. तो कौतुक करतो. गेममधली भेट देतो. 'तुझ्या घरच्यांना तू कळतच नाहीस, मला कळतोस,' म्हणतो. मग हळूहळू पुढची वाक्यं येतात. 'हे आपल्या दोघांतच ठेव.' 'इथे नको, त्या दुसऱ्या ॲपवर बोलू.' 'एक फोटो पाठव ना.' ही वाक्यं मुलांना नावानिशी सांगा, जशी आपण रस्ता ओलांडताना दोन्ही बाजू बघायला सांगतो. घाबरवू नका, पण मोघमही बोलू नका. 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' एवढं पुरत नाही, कारण रोज तीन आठवडे एकत्र खेळलेला माणूस मुलाला अनोळखी वाटतच नाही.

आणि या माणसाचं शेवटचं वाक्य जरा थांबून ऐका. 'आई-बाबांना सांगितलंस तर ते तुझा फोन काढून घेतील.'

मुलाला हे वाक्य खरं वाटतं, कारण त्याने ते आधी आपल्याच तोंडून ऐकलेलं असतं. परीक्षेत गुण कमी पडले, जेवायला उशीर झाला, उलट उत्तर दिलं, की आपण म्हणतो, 'फोन काढून घेईन हं!' आपल्या दृष्टीने ती शिस्त असते. मुलाच्या मनात मात्र पक्कं बसतं, की काहीही बिघडलं तरी आपला फोन जाणार. मग कोणी त्रास दिला, घाणेरडा फोटो मागितला, धमकी दिली, तरी ते गप्प राहतं. आपली धमकी त्या माणसाच्या कामी येते. फिल्टरने जे पकडायला हवं होतं आणि पकडलं नाही, ते आपल्यापर्यंत पोचण्याची एकच वाट होती. ती आपणच बंद करून ठेवलेली असते.

कोणी म्हणेल, मग फोन कधी घ्यायचाच नाही का? घ्या की. झोपायची वेळ झाली, अभ्यासाची वेळ झाली, की फोन बाजूला, हा नियम जरूर ठेवा. तो सगळ्यांना सारखा असू द्या, आपल्यालाही. पण मुलाने विश्वासाने काही सांगितलं, त्याची शिक्षा म्हणून फोन काढून घेऊ नका. हे दोन प्रसंग मुलाला स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत.

शिव्यांबद्दलही बोलायला हवं. फिल्टर फक्त म्हणतो, हा शब्द नाही. का नाही, ते तो सांगत नाही. ते आपलं काम आहे. मुलाने पहिल्यांदा घरात शिवी उच्चारली की तोंडावर फटका मारण्याआधी विचारा, याचा अर्थ तुला माहीत आहे का? लहान मुलांना बहुधा नसतो. त्यांनी तो आवाज कुठेतरी ऐकलेला असतो. कधी शाळेच्या बसमध्ये, कधी गेमच्या व्हॉइस चॅटवर, कधी ट्रॅफिकमध्ये गाडी चालवणाऱ्या बाबांकडून. अर्थ माहीत नसेल तर वयाला झेपेल इतका सांगा. आपल्या कितीतरी शिव्या कोणाच्या तरी आईला, बहिणीला मध्ये ओढतात. काही कोणाच्या जातीवर, रंगावर, अपंगत्वावर घाव घालतात. जातीवरून चारचौघांत केलेला अपमान हा १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे दहावीतल्या मुलाला माहीत असायला काहीच हरकत नाही. पायावर दगड पडला म्हणून तोंडातून निघालेला शब्द आणि वर्गातल्या एकट्या मुलाला रोज चिकटवलेला शब्द, यांतला फरक मुलांना लवकर समजतो. तो फरक ज्याला कळला, त्याच्यासोबत यंत्र असो वा नसो, तो जपूनच बोलेल. फुल्या आणि चौकोनी चिन्हं चुकवायला शिकलेलं मूल फक्त चुकवायलाच शिकतं.

आता थोडं हाताने करायचं काम. मुलाजवळ बसून त्याच्या ॲपच्या सेटिंग एकदा दोघांनी बघा. चॅट कोणाशी करता येतं, अनोळखी माणसं संदेश पाठवू शकतात का, व्हॉइस चॅट चालू आहे का? लिहिलेले शब्द तपासणारी यादी बोललेला आवाज तपासत नाही, म्हणून व्हॉइसकडे वेगळं लक्ष द्या. तक्रारीचं आणि ब्लॉकचं बटण कुठे आहे ते मुलालाच शोधू द्या. काही गंभीर घडलं तर संभाषण पुसून टाकू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. सायबर गुन्ह्याची तक्रार केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते आणि १९३० हा त्याचा मदत क्रमांक आहे. हे आकडे फ्रिजच्या दारावर लावा. मुलालाही दिसू द्या.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, आणि व्हायलाही नको. पण एक गोष्ट आजच करता येईल. जेवण झाल्यावर मुलाला जवळ बसवा आणि सांगा: 'ऑनलाइन कोणी काहीही बोललं, तुझ्याकडून काहीही लिहिलं गेलं, तरी मला येऊन सांग. सांगितलंस म्हणून तुझा फोन मी काढून घेणार नाही.' ते मूल लगेच काही बोलणार नाही. काही आठवड्यांनी एखादी किरकोळ गोष्ट सांगून तुमची परीक्षा घेईल. त्या दिवशी, कितीही राग आला तरी, दिलेला शब्द पाळा. त्यावरून ते ठरवणार आहे, की मोठी गोष्ट घडेल तेव्हा तुमच्याकडे यायचं की नाही.